फोन आयर्लंडात, टीव्ही मोताळ्यात

खोली दाखवायच्या आधी त्यांनी मला खोलीची चतुःसीमा सांगितली. तीही दारातच, मी चपला काढायच्या आत.

"पूर्वेस आमची मोरी. पश्चिमेस लिंबाचं झाड. झाड आमचं, सावली तुमची. उत्तरेस सार्वजनिक रस्ता. दक्षिणेस..." इथे ते थांबले, आतल्या दाराकडे एकदा पाहिलं आणि आवाज उतरवून म्हणाले, "दक्षिणेस काकूचं स्वयंपाकघर. तिकडून अतिक्रमण झालं तर हरकत घ्याची नाही."

अतिक्रमण त्याच संध्याकाळी झालं. काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, दोन भाकरी आणि ठेचा घेऊन आल्या, आणि मी हरकत घेतली नाही. पुढची चार वर्षं घेतली नाही.

ते निवृत्त भूकरमापक, म्हणजे सरकारी मोजणीदार. उभं आयुष्य बुलढाणा जिल्ह्यातल्या शेतांच्या धुऱ्यांवरून, म्हणजे बांधांवरून, साखळी ओढत चाललेलं. मोताळ्यात त्यांना कुणी नावानं हाक मारत नसे, मोजणीसाहेब म्हणत. मीही इथं नाव लिहीत नाही. त्यांचं नाव घ्यायला तोंड लागतं, आणि ते मला राहिलेलं नाही. का नाही, ते सांगायलाच बसलो आहे. पण मी मुळात कमी बोलणारा, तेव्हा मुद्द्यावर यायला जरा वेळ लागेल.

मी तेव्हा चाळिशीला टेकलेला. बायको-पोरं वडनेर भोलजीला माझ्या आईवडिलांजवळ, आणि मी मोताळ्याच्या बाजूला एका जिनिंगच्या ऑफिसात. कापसाच्या गाड्या काट्यावर चढत, मी वजनाच्या पावत्या काढत असे. पावत्या कॉम्प्युटरवर निघत. एवढ्याशा भांडवलावर गल्लीनं मला इंजिनियर केलं, आणि मी होऊ दिलं. कुणाचा मोबाईल अडला की माझ्याकडे. मी तो बंद करून पुन्हा चालू करत असे. दहात सात वेळा तेवढ्यानं भागतं, आणि उरलेल्या तीन वेळा 'कंपनीकडूनच प्रॉब्लेम आहे' म्हटलं की भागतं. माझ्या पापाचा आरंभ धरायचा तर इथून धरावा.

साहेबांचं पाऊल अडीच फुटांचं होतं. ना बोटभर कमी, ना बोटभर जास्त. बाजाराच्या दिवशी ते घरापासून भाजीच्या दुकानांपर्यंत पावलं मोजत जात. का, हे विचारायची सोय नव्हती. बाकीचे लोक श्वास घेतात तसं ते मोजत. वाटेत कुणी "रामराम साहेब" केला की आकडा चुके, आणि चुकला की ते माघारी घराच्या पायरीपर्यंत येऊन पुन्हा पहिल्यापासून निघत. एकदा मेथी आणायला गेलेले साहेब तीनदा रिकाम्या हातानं पायरीवर येऊन परत गेले.

"काऊन हो?" काकूंनी आतून कारण विचारलं.

"लोक लय प्रेम करून राह्यले आज," साहेब वैतागून म्हणाले.

त्यानंतर गल्लीनं आपसांत ठरवून टाकलं, की साहेब चालत असले की त्यांच्याशी बोलायचं नाही, हसायचं नाही, ओळखही द्यायची नाही. नव्या माणसाला वाटे, या म्हाताऱ्याला वाळीत टाकलंय. मलाही पहिल्या आठवड्यात तसंच वाटलं होतं.

गच्चीवर कपडे वाळवायची एकच दोरी. तिच्या बरोबर मध्यावर गेरूची खूण. पूर्वेकडची त्यांची, पश्चिमेकडची माझी. एका सकाळी माझ्या दाराखालून चिठ्ठी आली. 'विषय : बनियनचे अतिक्रमण. सदर बनियन आजरोजी अंदाजे सहा इंच आमचे हद्दीत आढळून आले. वारा हे कारण ग्राह्य धरता येत नाही.' खाली सही, तारीख. मी उत्तरादाखल बनियन सरकवलं. त्याच दुपारी त्यांनी स्वतः माझे सगळे कपडे काढून, घड्या घालून, दारात आणून ठेवले, कारण आभाळ आलं होतं. मोजणी वेगळी आणि माणुसकी वेगळी, दोघींमध्ये त्यांनी धुरा घातलेला होता.

एकदा मी त्यांना विचारलं होतं, की हद्दीची इतकी भांडणं पाहिली, कुणाचं खरं हे तुम्ही कसं ठरवत होतात. ते ओट्यावर बसले होते. खडूनं त्यांनी फरशीवर एक सलग रेघ काढली आणि तिच्या शेजारी एक तुटक.

"हे पाहा. कागदावर जी हद्द आहे, तो अभिलेख. ती सलग रेघ. आन माणूस प्रत्यक्षात जिथवर जमीन वाहून राह्यला, जिथवर आपलं म्हणून राह्यला, ते वहिवाट. ती तुटक रेघ. नकाशात दोन्ही दाखवा लागते."

"आणि खरी कोणती?"

"मोजणीदारानं खरं-खोटं सांगायचं नसते. दोन्ही रेघा काढायच्या, सही कराची आन घरी याचं."

हे सांगणारा माणूस एका बाबतीत मात्र अजिबात ऐकून घेत नसे. ठिकाण. माणसानं वय चोरावं, पगार चोरावा, पण आपण कुठं उभे आहोत ते चोरू नये, असं त्यांचं मत. मोबाईल आल्यापासून हे पाप गावोगाव वाढलं, असं ते म्हणत. पानठेल्यावर एक जण फोनवर कुणाला तरी सांगत होता, की मी मलकापूरला पोचलोय, यायला दोन तास लागतील. साहेबांनी मागून मान घालून त्या फोनमध्ये मोठ्यानं सांगितलं, "हा मोताळ्यातच आहे. पानठेल्याच्या उत्तरेस, चार फुटावर." आणि पुढे चालू लागले. त्या माणसानं नंतर वर्षभर साहेबांना रामराम घातला नाही, त्यामुळे पानठेल्यापाशीही साहेबांचे आकडे चुकायचे थांबले.

त्यांना एकच मुलगी, आयर्लंडात एका दवाखान्यात नर्स. स्वयंपाकघराच्या चौकटीवर तिच्या प्रत्येक वाढदिवसाची पेन्सिलची खूण होती. सगळ्यात वरच्या खुणेपाशी लिहिलेलं : 'पाच फूट एक इंच. अंतिम.' आणि सही. पोरगी वाढायची थांबली तर तेही त्यांनी प्रमाणित करून टाकलं होतं.

काकूंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ऑपरेशनचं नाव काढलं की म्हणत, "पोरगी येईन तवा करू. आंधळ्यानं दवाखान्यात जाच्यापेक्षा घरी बसलेलं बरं, घरातलं सगळं पाठ आहे." मोबाईलवर मुलगी दिसायची, पण काकूंच्या भाषेत 'मुंगीएवढी'. टीव्हीचं मात्र त्यांना जमे. खुर्ची टीव्हीपासून हातभर अंतरावर ओढायची, नाक पुढं करायचं, म्हणजे रंग आणि आकार कळत.

एका रविवारी मुलीचा फोन आला. दवाखान्यातल्या लोकांचं गाण्याचं मंडळ आहे, ते तिथल्या टीव्हीवर आलं. ती दुसऱ्या ओळीत, डावीकडून चौथी. कार्यक्रम त्या वाहिनीच्या ॲपवर सात दिवस राहणार, पण फक्त त्या देशात दिसणार. रेकॉर्ड करून पाठवायचा प्रयत्न केला तर पडदा काळाच येतो, म्हणाली.

"तू आन गाणं?" काकू एवढंच म्हणाल्या. मग बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या. "टीव्हीवर दिसलं असतं तर मले पाहता आलं असतं. चार वर्षं झाले तिले पाह्यलं नाही."

चार वर्षांत मुलगी आली नव्हती असं नाही. मागच्याच वर्षी पंधरा दिवस येऊन गेली होती. काकूंना ती दिसली नव्हती, एवढंच.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. गल्लीचा इंजिनियर. मी म्हणालो, "होऊन जाईल काकू. सोपं आहे."

सोपं आहे हे शब्द मी त्या दिवशी कशाच्या जोरावर उच्चारले, मला आजही कळत नाही. ऑफिसात कुणाच्या तरी तोंडून व्हीपीएन नावाची चीज ऐकली होती, ती फोनमध्ये टाकली की फोन दुसऱ्या देशात असल्यासारखा वागतो. टीव्हीच्या पाठीत खोचलेला डोंगल होताच. त्याच्यावर मी काकूंना कीर्तनं लावून देत असे. फोनवर गाणं लावायचं, कोपऱ्यातली खूण दाबायची, टीव्हीवर दिसतं. दोन गोष्टी येत होत्या, त्या एकत्र केल्या की झालं, असा माझा हिशेब.

मी साहेबांना व्हीपीएन समजावून सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे ठिकाण खोटं सांगायचं."

"खोटं म्हणजे... ॲपला वाटतं की आपण तिथं आहोत."

"त्याले वाटते, कारण आपण सांगतो."

सातातले दोन दिवस त्यांच्या सदसद्विवेकबुद्धीत गेले. दोन्ही दिवस ते जेवले कमी आणि चालले जास्त. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी एक जाड वही आणली, तिला भोक पाडून सुतळी ओवली आणि टीव्हीशेजारच्या खिळ्याला टांगली. वर लिहिलेलं : 'हालचाल नोंदवही'. सरकारी ऑफिसात बाहेर जाणारा माणूस कुठं गेला, कशाला गेला हे लिहून जातो ना, तशी. रकाने पाच. दिनांक, गेल्याची वेळ, परतल्याची वेळ, कारण, शेरा.

"फोन जाते तर जाऊ दे," ते म्हणाले. "पण गेला म्हणून नोंद झाली पाह्यजे. मंग ते खोटं नाही. मंग तो दौरा आहे."

मी ऑफिसातून दुपारच्या सुट्या काढून साहेबांच्या फोनमध्ये व्हीपीएन टाकला. तो चालू झाला की फोनच्या माथ्यावर एक बारीक किल्ली दिसते. साहेब चष्मा कपाळावर चढवून ती किल्ली पाहत, मगच वेळ टाकत. 'दु. ४.१०. फोन आयर्लंडकडे रवाना.' ॲप उघडलं, कार्यक्रम सुरू झाला, निवेदिका दिसली, आणि साहेबांनी फोनवर पंजा ठेवला.

"बंद कर. तिच्या मायच्या आधी कोणी पाहाचं नाही. मीबी नाही."

'दु. ४.१६. परत. शेरा : कार्यक्रम उपलब्ध. पाहिला नाही.'

मग मी टीव्हीवर टाकायला गेलो आणि माझा हिशेब कोसळला. व्हीपीएन लावला की फोनला टीव्हीच सापडेना. यादीतून नावच गायब. व्हीपीएन काढला की टीव्ही सापडे, पण ॲप म्हणे तुमच्या देशात हे नाही. आधी टीव्हीला जोडून मग व्हीपीएन लावला, तर जोडलेलं तुटे. मी फोन बंद करून चालू केला, टीव्ही बंद करून चालू केला, घरातला मेन स्विचसुद्धा बंद करून चालू केला. दोन दिवसांत फोन अकरा वेळा आयर्लंडला जाऊन आला आणि अकराही वेळा वहीत नोंद झाली. मधेच कुणाचा तरी फोन आला तर साहेबांनी तो उचलून सांगितलं, "फोन सध्या बाहेरदेशी आहे. साडेपाचनंतर करा," आणि ठेवून दिला.

काकू रोज संध्याकाळी खुर्ची टीव्हीसमोर ओढून बसत. "लागलं का रे?"

"लागतंय काकू. कंपनीकडूनच प्रॉब्लेम आहे."

सहाव्या दिवशी कंपनी पुरेना, तेव्हा मी म्हणालो, वायफायच्या वायरमध्ये दोष असेल. वायर रफिकभाईची. बाजारात त्यांचं मोबाईलचं दुकान, आणि अर्ध्या मोताळ्याला वायफायची लाईन त्यांचीच. ते बिचारे दुकान सोडून आले, शिडी लावून खांबापासून घरापर्यंतची वायर तपासली. साहेबांनी ती वहीत मोजून टाकली, बेचाळीस फूट. वायर ठणठणीत. मग रफिकभाई आत आले, फोन हातात घेतला, वरची किल्ली पाहिली आणि हसले.

"काका, तुमचा फोन गेला आयर्लंडात. टीव्ही बिचारा मोताळ्यातच. एका खोलीत असून एकमेकाले दिसत नाहीत. भेट कशी होईन?"

"मंग फोनले म्हणा, राह्य परदेशात, पण घराकडं ध्यान ठेव," साहेब म्हणाले.

"तशीबी सेटिंग आहे." त्यांनी कुठंतरी काहीतरी दाबलं आणि टीव्हीचं नाव यादीत आलं. मला तीन दिवसांत न सापडलेलं त्यांना तीन मिनिटांत सापडलं होतं. त्यांनी कार्यक्रम टाकला. टीव्ही निळा झाला, गोल फिरलं, आणि या वेळी टीव्हीच म्हणाला, हे तुमच्या देशात नाही.

"आता हे काऊन?"

"असं आहे काका, पिक्चर फोनमधून टीव्हीत जात नाही. फोन फक्त पत्ता सांगते. आणाले टीव्ही सोता जाते. आन टीव्ही जाते तो मोताळ्याचा म्हणूनच जाते."

साहेबांचा चेहरा उजळला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी त्यांच्या भाषेत बोललं होतं. "म्हणजे मुखत्यारपत्र फोनच्या नावाचं, आन हजर झाला टीव्ही."

"एकदम बराबर."

"मंग टीव्हीले धाडा आयर्लंडात."

"या डोंगलमध्ये ते बसत नाही. राउटर दुसरा लागते. मागवतो मी, पण आठ दिवस धरा."

कार्यक्रमाचा उद्या शेवटचा दिवस होता. काकू आतून म्हणाल्या, "राहू द्या ना मंग." ते 'राहू द्या' मला ऐकवलं नाही.

रफिकभाई पायरीवर चप्पल घालताना मला हळूच म्हणाले, "भाऊ, येत नव्हतं तर सांगाचं होतं. माझ्या वायरवर काऊन ढकललं?" मी खाली पाहत राहिलो. या माणसाची माफीही मी आजवर मागितलेली नाही, तीही इथंच मागून घेतो.

सातव्या दिवशी संध्याकाळी मी ऑफिसातून आलो तर काकू ठेवणीतलं लुगडं नेसून खुर्चीत बसलेल्या. आदल्या दिवशी 'राहू द्या' म्हणूनही त्या का बसल्या होत्या, कुणास ठाऊक. साहेब मागं लिंबाच्या झाडाला पाणी घालत होते.

"आज आखरी दिवस ना रे?" काकू म्हणाल्या. "तुले जमलं नाही तरी चालते. मी सहज बसली."

सहज बसलेल्या बाईच्या केसांत गजरा होता.

तेव्हा मी ते केलं. व्हीपीएन काढला, ते ॲप सोडलं आणि जिथं सगळ्यांना सगळं फुकट दिसतं तिथं गेलो. दवाखान्याच्या लोकांचं गाणं, असं इंग्रजीत टाकलं. कुठल्या देशाचं कुणास ठाऊक, एक मंडळ निघालं. तीन ओळी, हातात कागद, आणि नशीब पाहा, दुसऱ्या ओळीत डावीकडून चौथी बाई सावळी, काळ्या केसांची. अंगात हिरवा झगा. मी खूण दाबली. टीव्ही लगेच सापडला.

"लागलं काकू," मी म्हणालो.

काकू पुढं सरकल्या. नाक पडद्याला लागेल इतक्या. "कोणती रे?"

"ही. हिरव्यातली."

त्यांनी बोट टेकवलं. पडद्यावर त्या बाईच्या गालाच्या जागी बोटाचा ठसा उमटला. "वाळली," त्या म्हणाल्या.

साहेब ओल्या हातानं आत आले. क्षणभर उंबऱ्यात उभे राहिले. मग धोतराला हात पुसून खिशातली पोलादी पट्टी काढली, टीव्हीपाशी गेले आणि त्या बाईला डोक्यापासून पायापर्यंत पट्टी लावली. मग तिच्या हातातल्या कागदाला लावली. तळहातावर बोटानं आकडेमोड केली. मला त्यात काही वावगं वाटलं नाही; हा माणूस लग्नाच्या पंगतीत पत्रावळ मोजत असे.

"हं," ते म्हणाले. फोनकडे एकदा पाहिलं. मग काकूंच्या शेजारी स्टूल ओढून बसले. "दुसरी ओळ, डावीकडून चौथी. बराबर आहे."

मी सुटलो. ते गाणं त्यांनी तीन वेळा पाहिलं. तिसऱ्या वेळी काकूंनी साहेबांचा हात धरलेला होता, आणि मी भिंतीकडे पाहत होतो. नंतर साहेबांनी वही काढली, माझ्याकडे पाठ करून बराच वेळ काही लिहिलं आणि खिळ्याला अडकवून ठेवली. मी वाचायला गेलो नाही. चोर आपल्याच पंचनाम्यावर नजर टाकायला जात नाही.

दुसऱ्या दिवशी मुलीचा फोन आला. स्पीकर लावलेला. काकू म्हणाल्या, पाहिलं बाई तुले, हिरवं छान दिसत होतं. तिकडून मुलगी म्हणाली, "आई, मी तर निळ्यात होते." माझ्या हातातला कप थांबला. काकू सहज म्हणाल्या, "असन. मले कुठं आता रंग समजतात."

माझ्या खोटेपणाचा भार त्या बाईच्या डोळ्यांवर पडला. ते मी ऐकलं, चहा संपवला आणि ऑफिसला गेलो.

सहा महिन्यांनी मला मेहकरला एका डाळमिलच्या ऑफिसात काम मिळालं. ते वडनेरपासून लांब होतं, घरचे नको म्हणत होते, तरी मी घेतलं. का, ते घरच्यांना कळलं नाही. मोताळ्याला पुन्हा गेलो नाही. काकूंचे फोन आले तर दोनातला एक उचलला. मग एके दिवशी रफिकभाईंचा फोन आला, साहेब गेले. बाजारातून येताना ओट्यावर बसले आणि गेले. तेरवीला या.

मी म्हणालो, "मी पुण्याला आहे हो. यायला जमणार नाही."

मी मेहकरच्या बसस्टँडसमोर उभा होतो, रसवंतीच्या पूर्वेस. ज्या माणसानं फोनसुद्धा नोंद केल्याशिवाय परदेशी जाऊ दिला नाही, त्याच्या मरणाला मी माझं ठिकाण खोटं सांगितलं. त्याला व्हीपीएनही लागला नाही.

यंदा उन्हाळा संपता संपता काकूंचा फोन आला. मुलगी येऊन दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन करून गेली होती. "सगळं चकचकीत दिसते रे. भिंतीले पोपडे किती आहेत ते आता समजलं. तू ये एकदा. ते गाणं लावून दे. आता नीट पाहीन."

मी दोन दिवस झोपलो नाही. मग मेहकरहून बस धरली.

काकू ओट्यावर होत्या. मला लांबूनच ओळखलं, म्हणाल्या, "केस पिकले तुहे. बस." आत नेलं. तीच खुर्ची, पण आता टीव्हीपासून चांगली पाच हात लांब. मी बसलो नाही. उभ्यानंच सगळं सांगितलं. ते गाणं तिचं नव्हतं. ती बाई तुमची मुलगी नव्हती. मला येत नव्हतं आणि मी कबूल केलं नाही. बोलताना मी चौकटीवरच्या पेन्सिलच्या खुणांकडे पाहत होतो.

काकूंनी पाण्याचा गिलास माझ्या हातात दिला.

"मले तवाच समजलं होतं."

"कसं काय? तुम्हाला तर दिसत..."

"मी आंधळी झाली होती. बहिरी नव्हती." त्या हसल्या. "माही पोर जन्माची बेसूर आहे. आरतीत तिले मागं उभी करत होतो, तरी पुढं ऐकू ये. त्या गाण्यात सारे सुरात होते. एक माणूस चुकला नाही. मी म्हटलं, ही आपली नाही."

"मग बोलल्या का नाही?"

"हे शेजारी येऊन बसले होते ना. बराबर आहे म्हणे. इतके खूश. सात दिवस त्या फोनच्या मागं धावले. म्हटलं, पाह्यली म्हणून समाधान आहे त्यायले, तर राहू दे."

मी गिलास खाली ठेवला. वही अजून खिळ्याला होती. काकू म्हणाल्या, "ते वाच बरं. त्या दिवशी लय लिहीत होते. मी कोणाले वाचाले लावलं नाही, आन आता अक्षर बारीक लागते."

शेवटच्या पानावर ती नोंद होती. साहेबांचं अक्षर, शाईचं. मी मोठ्यानं वाचली.

'सायं. ६.४०. फोन कोठेही गेला नाही. किल्ली आढळून आली नाही. कारण : मुलगी पाहणे. शेरा : दुसरी ओळ, डावीकडून चौथी. हातातील कागदाचे मापावरून उंची पाच फूट आठ इंच. अभिलेखानुसार पाच फूट एक इंच. सदर बाई अभिलेखानुसार मुलगी नाही. वहिवाटीनुसार आहे. अर्जदार समाधानी. हरकत नाही.'

खाली सही. सहीच्या वर दोन उभ्या रेघा, एक सलग आणि एक तुटक, अगदी जवळजवळ.

काकूंना हसू आलं आणि थांबेना. पदर तोंडाला लावून हसल्या, डोळे पुसले, पुन्हा हसल्या. डॉक्टरनं डोळ्यांना पाणी लावू नका म्हणून सांगितलेलं होतं.

"लबाड माणूस," त्या म्हणाल्या. "म्हणजे मी ह्यांच्यासाठी गप, हे माह्यासाठी गप. आन तू रे?"

"मी माझ्यासाठी गप होतो काकू."

त्यांनी मान हलवली. कबूल केलं म्हणून की क्षमा केली म्हणून, मी विचारलं नाही. खुर्चीत जाऊन बसल्या, पदर नीट केला.

"लाव."

"काय लावू?"

"तेच. ती हिरवी. तिनं माह्या घरी येऊन तीन वेळा गाणं म्हटलं, आन मी तिचं तोंड नाही पाह्यलं."

मी फोन काढला.

"थांब," काकू म्हणाल्या. "आधी वहीत लिही."

साहेबांच्या नोंदीखाली मी तारीख टाकली, वेळ टाकली. गेल्याच्या आणि परतल्याच्या रकान्यात रेघ मारली. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'फोन मोताळ्यातच. मीही.' आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या घरात पूर्ण सही केली.